स्टार ट्रेक: जहाज तेच, तर दर मालिकेत वेगळं काहून दिसतं?

झिरोमाईल

रविवारी नागपूरच्या धरमपेठेत तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आमच्या चौघांत जुंपली, ती घरी आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरही थांबली नाही. म्हणून धागाच काढतो. इथे निदान मधात कोणी सुविचार टाकत नाही.

मुद्दा साधा आहे. स्टार ट्रेकची मूळ मालिका १९६६ ते १९६९ मधली, कथेतला काळ २२६० चं दशक, जहाज एंटरप्राइज, कप्तान कर्क, त्याचा अधिकारी स्पॉक. २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ आली आणि तिने सांगितलं की आमची गोष्ट कर्कच्या दहाएक वर्षं आधीची आहे. आता गंमत बघा. आधीच्या काळातल्या जहाजावर अधिकारी होलोग्राम होऊन एकमेकांसमोर उभे राहतात, काचेच्या पडद्यांवर आकडे धावतात. आणि दहा वर्षांनी कर्क बिचारा खटके दाबतोय, स्पॉक एका खोक्यात डोळे खुपसून आकडे वाचतोय. मधल्या काळात स्टारफ्लीटचं, म्हणजे त्यांच्या अंतराळ दलाचं, बजेट कापलं का?

२००१ च्या ‘एंटरप्राइज’ मालिकेच्या वेळीही हीच बोंब होती. ती तर कर्कच्या शंभर वर्षं आधीची, तरी तिच्यातले पडदे कर्कच्या ब्रिजपेक्षा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीपेक्षा, नवे.

माझा मित्र म्हणतो, साठच्या दशकातला प्लायवूडचा सेट आज मोठ्या टीव्हीवर दाखवला तर लोक हसतील. मी म्हणतो, दाखवलाय आणि कोणी हसलं नाही. १९९२ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेच्या एका भागात कर्कचा इंजिनियर, म्हातारा स्कॉटी, होलोडेकवर (हवी ती जागा उभी करणारी खोली) जाऊन आपला जुना ब्रिज मागतो. सगळा सेट बांधायला पैसे नव्हते, तर एक तुकडा बांधला आणि बाकीचं जुन्या मालिकेतल्या रिकाम्या ब्रिजच्या चित्रावर भागवलं. त्या प्रसंगात हसू येतं का कोणाला? १९९६ मध्ये, तिसाव्या वाढदिवसाला, ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेतल्या लोकांना मूळ मालिकेच्या १९६७ च्या ट्रिबलवाल्या (केसाळ गोळ्यांसारखे प्राणी) भागात नेऊन सोडलं. त्यासाठी जहाजाचं मॉडेल नव्याने बनवलं, प्रकाश आणि फिल्मचा दाणासुद्धा जुळवला. २००५ मध्ये ‘एंटरप्राइज’वाल्यांनीच आरशातल्या (समांतर, उलट्या) विश्वाच्या दोन भागांसाठी कर्कच्या काळातला ब्रिज पुन्हा उभा केला. बटणं तीच, लाल कठडा तोच. झकास दिसला.

म्हणजे जमतं. करायचं नव्हतं म्हणून केलं नाही. संवाद प्रमाण, तारखा प्रमाण, मग डोळ्यांना दिसतं ते काहून प्रमाण नाही? बोला.

तर्रीबाज

रुमाल टाकून ठेवतो. झिमाभाऊ, धाग्याची शंभरी नक्की.

मिक्सिंगवाला

झिमा, तुम्ही ‘मूळ’ म्हणता ते नेमकं कोणतं? एक साधा प्रश्न विचारतो. कर्कचा शर्ट कोणत्या रंगाचा?

सगळे म्हणतील सोनेरी, मोहरीसारखा. तो कापडात हिरवा होता. विल्यम थाइस यांनी वेशभूषा केली होती, त्यांनी कमांडवाल्यांना हिरवट कापड दिलं. पण त्या मखमलीवर सेटचे दिवे पडले, ते त्या वेळच्या फिल्मवर उतरलं आणि घरोघरी टीव्हीवर पोचेपर्यंत सोनेरी झालं. कर्कचा तो कमरेला गुंडाळायचा दुसरा शर्ट आठवतो? तो वेगळ्या कापडाचा होता, म्हणून तो हिरवाच दिसला. आपल्याला वाटायचं, कप्तानाला दोन रंगांचे शर्ट. प्रत्यक्षात एकाच रंगाची दोन कापडं, आणि कॅमेऱ्याने एकाला फसवलं. पुढच्या सगळ्यांनी सोनेरीच खरा धरला. मग प्रमाण काय? शिंप्याच्या हातातलं कापड की पडद्यावरचा अपघात?

जहाजाचंही तेच. मोठं मॉडेल अकरा फुटांचं. मॅट जेफरीज यांचं डिझाइन, आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये ठेवलंय. त्याची डावी बाजू नीट पूर्ण केलेलीच नव्हती, कारण दिव्यांच्या वायरी तिकडून बाहेर काढल्या होत्या. म्हणून जहाज बहुतेक वेळा उजव्या अंगाने दिसतं. आणि पायलट (चाचणी) भागांत इंजिनांच्या तोंडाला टोकं होती. मालिका सुरू झाल्यावर तिथे आत फिरणारे दिवे लावले. पण जुने शॉट फेकून द्यायला पैसे कोणाकडे होते? तेही वापरत राहिले. एकाच भागात एका शॉटमध्ये टोकवालं जहाज, पुढच्या शॉटमध्ये दिवेवालं. पन्नास मिनिटांत जहाज तीनदा बदलतं आणि आपल्याला २०१७ च्या बदलाचा राग.

मी सीताबर्डीत बरीच वर्षं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग केलंय. एकाच हॉलमधला एकच शालू दोन कॅमेऱ्यांत दोन रंगांचा येतो आणि नवरीची आई विचारते, ‘शालू बदलला का मधात?’ म्हणून हा शर्टाचा किस्सा मला फार जवळचा आहे.

झिरोमाईल

शर्टाचं माहीत होतं. पण मिक्सिंगभाऊ, अपघात साठ वर्षं सगळ्यांनी खरा मानला की तोच इतिहास होतो. आता कोणी कर्कला हिरवा शर्ट घालून म्हणेल ‘हे मूळ’, तर मी त्यालाही नाहीच म्हणेन. पडद्यावर आलं ते आलं.

वाळ्याचा_कूलर

तुम्हा पोरांचं ऐकून मजा वाटते. आम्ही दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहायचो, ऐंशीच्या दशकात. महालात आमच्या वाड्यात एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याच्यासमोर अडकवलेली निळी काच. डोळ्यांना त्रास होत नाही म्हणायचे. त्यामुळे आमच्या लेखी कर्कचा शर्ट निळसर राखाडी, स्पॉकचा निळसर राखाडी आणि दहाव्या मिनिटाला मरणाऱ्याचाही निळसर राखाडी. लाल शर्टवाला मरतो हा विनोद मला फार उशिरा कळला, मुलाने रंगीत पाहिलं तेव्हा. आम्हाला तर खरोखर माहीत नसायचं की आता कोण मरणार. त्या हिशेबाने आमच्या घरी मालिका जास्त चांगली होती.

तिकडे अमेरिकेत ही मालिका दाखवणाऱ्या एनबीसीवर मात्र रंग मुद्दाम भडक ठेवलेले. एनबीसीची मालक कंपनी आरसीए, आणि ती रंगीत टीव्ही विकायची. लाल, निळं, पिवळं दिसलं तर लोक टीव्ही बदलतील. भिंतींवर जांभळे-हिरवे दिवे उगीच नव्हते मारत.

तर्रीबाज

काका दंडवत. निळ्या काचेची रीमास्टर्ड आवृत्ती काढा बाप्पा कोणीतरी.

अंबाझरी_काठ

मी इमारतींचे नकाशे काढते, इंटिरियर पण करते. मला या भांडणात एक गोष्ट कायम खटकते. सगळे रंगावर, पडद्यांवर, बटणांवर बोलतात. ते सगळं फिनिश आहे. घराला दर दहा वर्षांनी रंग देतो, टाइल्स बदलतो, घर तेच राहतं. पण जिना उचलून दुसरीकडे ठेवला आणि बाहेरून घर तेवढंच दिसतंय, तर मी विचारणार की हा जिना मावतो कुठे.

माझी तक्रार मापांची आहे. मूळ एंटरप्राइज ९४७ फूट, जेफरीज यांच्या आराखड्यात आहे. ‘डिस्कव्हरी’च्या तिसऱ्या सीझनच्या शेवटी लिफ्टमधली मारामारी आठवा. जहाजाच्या आत एवढी मोठी पोकळी की लिफ्टचे डबे रोलरकोस्टरसारखे हवेत फिरतात. बाहेरून जहाज सपाट, चेपलेलं. ती पोकळी कुठल्या मजल्यावर आहे? काहीजण म्हणाले की भविष्यातलं तंत्रज्ञान, आतून मोठं केलं असेल. मग पात्रांनी एका वाक्यात तसं बोलायचं होतं.

नव्यांनाच झोडपते असं नाही. १९८९ च्या पाचव्या सिनेमात कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय लिफ्टच्या बोगद्यातून वर उडत जातात, तेव्हा भिंतीवरचे मजल्यांचे आकडे वर वर वाढत जातात आणि ७८ पर्यंत पोचतात. ब्रिज सगळ्यात वर, तोच डेक एक, आकडे खाली जाताना वाढायला हवेत. आणि एवढ्या जहाजात ७८ मजले? प्रत्येक मजल्याची उंची काढली तर माणसाला ओणवं चालावं लागेल.

‘नेक्स्ट जनरेशन’मध्येही एक चूक मला फार आवडते. दुसऱ्या सीझनला टेन-फॉरवर्ड नावाचा बार आला, जहाजाच्या बशीसारख्या भागाच्या पुढच्या कडेला, मोठाल्या खिडक्यांचा. पण बाहेरून वापरात असलेलं सहा फुटी मॉडेल आधीच झालं होतं, त्यावर त्या खिडक्याच नाहीत. तिसऱ्या सीझनला चार फुटी नवं मॉडेल आलं, तेव्हा कुठे बाहेरून खिडक्या दिसल्या. वर्षभर लोक बसून तारे बघत होते ते कोणत्या भोकातून कोण जाणे. तरी हे मला चालतं, कारण कोणीतरी नंतर खिडक्या आठवणीने पाडल्या. चूक दुरुस्त करायची नियत दिसते.

माझं म्हणणं एवढंच: फिनिश बदला, लेआउट सांभाळा.

मिक्सिंगवाला

ताई, लेआउट सांभाळायचा तर मूळ मालिकेचं गॅलिलिओ शटल, म्हणजे ते छोटं यान, आधी मोजा. बाहेरचा पूर्ण आकाराचा ढाचा एवढा ठेंगणा की उंच माणूस आत सरळ उभा राहणार नाही. आतला सेट मात्र ऐसपैस, सगळे ताठ चालतात. म्हणजे आतून मोठं, बाहेरून लहान हा घोळ १९६७ पासूनचा आहे.

अंबाझरी_काठ

माहीत आहे. तो ढाचा आता डागडुजी होऊन ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरमध्ये आहे, फोटो पाहिलेत मी. पण तिथे फरक दोन-तीन फुटांचा होता, डोळ्याला समजत नव्हता. मालिका पाहताना कोणी टेप घेऊन बसत नाही. लिफ्टच्या पोकळीत मात्र टेप लागत नाही, नुसतं बघूनच कळतं की हे मावत नाही. पडद्यावरची चूक आणि पडद्यावरचा निष्काळजीपणा यात मी फरक करते. तुम्ही नाही करत का?

मिक्सिंगवाला

करतो. मान्य.

पारडी_नाका

तुम्ही जहाजावर अडकले. क्लिंगॉन या परग्रहावरच्या जमातीचं काय? १९६७ मध्ये पहिला क्लिंगॉन आला तेव्हा सपाट कपाळ, चेहऱ्याला तेलकट तपकिरी रंग, मिशा. १९७९ च्या सिनेमात कपाळावर हाड उगवलं. १९८४ मध्ये प्रत्येकाला वेगळं हाड. १९८७ ला ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये वॉर्फ हा क्लिंगॉन आला आणि आपल्या पिढीचा क्लिंगॉन तोच. मग २०१७ मध्ये टक्कल, लांबुळकं डोकं, तोंडात एवढं प्रॉस्थेटिक की बोलताना वाटे तोंडात सुपारी आहे. पुढच्या सीझनला केस उगवले. आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ मालिकेत परत वॉर्फसारखे. एक जमात, पन्नास वर्षांत चार नाकं.

झिरोमाईल

पारडीभाऊ, ते तर मला सगळ्यात जास्त लागतं. ट्रिबलवाल्या १९९६ च्या भागात बाकीचे वॉर्फला विचारतात, हे तुमचे लोक असे सपाट काहून? तो मान फिरवून सांगतो की बाहेरच्यांशी आम्ही यावर बोलत नाही. संपलं. एका वाक्यात तीस वर्षांचा प्रश्न मिटवला, आणि हसवून मिटवला. तिथेच थांबायचं होतं. पण २००५ मध्ये ‘एंटरप्राइज’ने दोन भाग खर्च करून सांगितलं की माणसांच्या सुधारित जनुकांमुळे एक विषाणू पसरला आणि क्लिंगॉनांची कपाळं सपाट झाली. काय गरज होती?

पारडी_नाका

मला ते दोन भाग आवडतात. तुम्हीच म्हणता ना डोळ्यांना दिसतं ते प्रमाण? मग दिसलेल्या फरकाला कारण दिलं तर राग कशाचा? एक काहीतरी ठरवा. दिसलेलं खरं धरायचं तर त्याचा हिशेबही द्यावा लागेल.

झिरोमाईल

हिशेब द्यावा लागतो तिथे द्या. पण मेकअपचं बजेट वाढलं याचं कारण विषाणू असू शकत नाही. १९७९ च्या सिनेमाला पैसे होते, म्हणून हाड आलं. तेवढंच खरं कारण. एंटरप्राइज तेव्हा बदललं तर ‘रिफिट केलं, अठरा महिने लागले’ असं सांगितलं, आणि ते पटलं, कारण जहाज दुरुस्तीला जातंच. कपाळ रिफिटला जात नाही.

तर्रीबाज

ट्रिल या दुसऱ्या जमातीचं विसरले सगळे. १९९१ मध्ये कपाळावर फुगवटा, १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’मध्ये जॅड्झिया ही ट्रिल आली तर कानापासून गळ्यापर्यंत सुंदर ठिपके आणि कपाळ साफ. कारण काय, तर हिरोइनचा चेहरा झाकायचा नव्हता. विषाणू वगैरे काही नाही. कोणीच विचारलं नाही, कोणीच सांगितलं नाही, सगळे खूश. हाव का नाही?

महालकर

हा फरक मला आपल्या मारबतीवरून समजतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. तिचं रूप ठरलेलं आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली, बनवणारे हात बदलले, तरी चेहरा, रंग, बैठक बघून इतवारीतलं लहान पोरगं सांगेल की ही पिवळी. त्याच मिरवणुकीतल्या बडग्या नावाच्या पुतळ्याचं तसं नाही. तो दर वर्षी नवा, कधी महागाई, कधी एखादा घोटाळा, कधी नेता. बडग्या मागच्या वर्षीसारखा निघाला तर लोक म्हणतील यंदा डोकं चाललं नाही. म्हणजे काय टिकवायचं आणि काय बदलायचं हे लोकांच्या डोक्यात आधीच पक्कं असतं. एंटरप्राइज मारबत आहे. क्लिंगॉन, ट्रिल, गणवेश हे बडगे. ‘डिस्कव्हरी’चं चुकलं ते इथे: तिने मारबतीला बडग्यासारखं वागवलं.

मिक्सिंगवाला

मारबत पण दर वर्षी नवीनच बांधतात की हो, आणि शेवटी जाळतात.

महालकर

नवीन बांधतात, तशीच बांधतात. तोच तर मुद्दा.

कोराडी_रोड

मी यातलं फारसं पाहिलेलं नाही, एक भाबडा प्रश्न. चित्र जुनं-नवं सोडा, दर्जा वाढला की घसरला? मी मुलीबरोबर ‘पिकार्ड’ ही मालिका लावली तर मे महिन्याच्या दुपारी, पडदे लावून, कूलर चालू, तरी टीव्हीवर आमचेच चेहरे दिसत होते. एवढा अंधार. जहाजावर वीजकपात आहे का?

झिरोमाईल

अगदी! तिसऱ्या सीझनमध्ये टायटन जहाजाचा ब्रिज असा की कोणी बोललं तरच कळतं तिथे माणूस आहे. आणि त्याच सीझनच्या शेवटी, २०२३ मध्ये, त्यांनी ‘नेक्स्ट जनरेशन’च्या एंटरप्राइज-डी जहाजाचा जुना ब्रिज गालिचासकट पुन्हा बांधला. दिवे लागले आणि माणसांचे चेहरे दिसले. तिथे पात्रं भावुक झाली, मी तर नुसत्या उजेडाने भावुक झालो.

मिक्सिंगवाला

अंधाराला इतिहास आहे. मालिकेत एंटरप्राइज-डी सपाट, उजळ प्रकाशात असायची, कारण आठवड्याला एक भाग उरकायचा आणि घरातल्या लहान टीव्हीवर कळलं पाहिजे. १९९४ मध्ये त्याच सेटवर सिनेमा काढला तेव्हा दिवे उतरवले, खिडकीतून पिवळं ऊन आणलं. मोठ्या पडद्यावर प्लायवूड उघडं पडू नये हेही कारण. तिथून ‘सिनेमासारखं दिसणं म्हणजे अंधार’ हे समीकरण बसलं. आता टीव्हीचा काळा रंग खरंच काळा दिसतो, तर ते त्याचा पुरेपूर वापर करतात, आणि आपण दिवसा बघतो. ग्रेडिंग (रंग-उजेड ठरवणं) अंधाऱ्या खोलीत बसून करतात, नागपूरच्या दुपारी नाही.

दर्जाचं म्हणाल तर एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण यात माझा धंदा येतो. मूळ मालिका फिल्मवर शूट झाली आणि फिल्मवरच कापली. त्यामुळे २००६ ते २००८ मध्ये ती स्वच्छ करून, जहाजाचे शॉट संगणकावर नव्याने बनवून काढता आली. ब्लू-रेवर तर दोन्ही आवृत्त्या आहेत, जुने इफेक्ट हवे तर जुने, नवे हवे तर नवे. झिमा, तुमच्यासारख्यांची सोय केली त्यांनी.

‘नेक्स्ट जनरेशन’ही ३५ एमएम फिल्मवर शूट झाली, पण पैसे आणि वेळ वाचवायला एडिटिंग आणि इफेक्ट व्हिडिओटेपवर केले. म्हणजे पक्का भाग फक्त टेपवर, ४८० ओळींचा. एचडी करायचं तर टेपचा उपयोग शून्य. मूळ निगेटिव्हचे डबे काढा, प्रत्येक शॉट शोधा, स्कॅन करा, जुन्या टेपशी फ्रेम जुळवून पुन्हा कापा, जहाज, तारे, फेझरचे किरण पुन्हा एकावर एक बसवा. १७८ भाग असे केले, २०१२ ते २०१४ दरम्यान. एवढं काम कोणी केलेलं मी तरी दुसरं ऐकलं नाही. आणि ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ त्याच पद्धतीने बनलेल्या, त्यांना हे भाग्य मिळालं नाही. खर्च निघेल असं कंपनीला वाटलं नाही. त्यातून ‘डीप स्पेस नाइन’च्या पुढच्या सीझनमधल्या लढाया संगणकावर बनलेल्या, त्याही तेव्हाच्या टीव्हीच्या मापात. त्या परत रेंडर कराव्या लागतील.

लोक माझ्याकडे नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या व्हीएचएस घेऊन येतात, म्हणतात एआयने फोर-के करून द्या. करून देतो. एका बाईंच्या आजीच्या नथीला मशीनने मोत्यांची भर घातली. चेहरा गुळगुळीत, डोळे चकचकीत. बाई म्हणाल्या, छान आहे, पण ही आजी नाही. काही हौशी लोकांनी ‘डीप स्पेस नाइन’वर हेच प्रयोग केलेत. दुरून बरं दिसतं. जवळ गेलं की ओडो या पात्राचा चेहरा आधीच मेणासारखा, त्यावर आणखी मेण.

वाळ्याचा_कूलर

‘डीप स्पेस नाइन’वर २०१९ च्या सुमारास जो माहितीपट आला त्यात काही मिनिटं निगेटिव्हवरून नव्याने केलेली आहेत. बघा जमल्यास. स्टेशनच्या भिंतींना जो गंजका तांबूस रंग आहे तो मी त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. आणि माझं तर काय, आधीच निळ्या काचेची सवय.

कोराडी_रोड

म्हणजे सगळ्यात जुनी मालिका सगळ्यात स्वच्छ दिसते आणि मधलीच धुरकट. उलटंच म्हणायचं.

मिक्सिंगवाला

अगदी. आणि ‘दर्जा’ म्हणून आपण जे मोजतो त्यातलं निम्मं कोणत्या वस्तूवर साठवलं यावर असतं. २००९ च्या सिनेमाला भरपूर पैसे होते, इंजिनरूम कुठे शूट केली? कॅलिफोर्नियात बडवायझरच्या बिअर कारखान्यात. पाइप आणि टाक्या खऱ्या, तरी मला ते जहाज वाटलं नाही, कारखानाच वाटला. १९८२ च्या दुसऱ्या सिनेमाला पैसे कमी, तर आधीच्या सिनेमातले गोदीतून निघतानाचे शॉट पुन्हा वापरले, आणि त्यातच जेनेसिसचा (ग्रह जिवंत करणारं यंत्र) तो छोटा तुकडा, लुकासफिल्मच्या संगणक विभागाने बनवलेला. पुढे तोच विभाग पिक्सार झाला. काटकसर आणि नवलाई एकाच सिनेमात.

पारडी_नाका

२००९ वाल्यांनी निदान शहाणपणा केला. काळात फाटा फोडला, म्हणाले आमचं विश्व वेगळं. मग जहाज हवं तेवढं मोठं करा, हवे तेवढे लेन्स फ्लेअर (उजेडाचे पट्टे) मारा, कोण विचारतो?

झिरोमाईल

हो, आणि ‘डिस्कव्हरी’ने तसं म्हणायला हवं होतं असं मला २०१९ पर्यंत वाटायचं. मग दुसऱ्या सीझनचा तो टॅलोस ग्रहावरचा भाग आला. सुरुवातीला ‘मागील भागात’ म्हणून थेट १९६४ ला शूट झालेल्या पहिल्या पायलटमधले तुकडे दाखवतात. जुना पाइक (कर्कच्या आधीचा कप्तान), जुना स्पॉक, पुठ्ठ्याचे दगड. आणि त्यातून सरळ नव्या पाइकच्या चेहऱ्यावर येतात. नट वेगळा, गणवेश वेगळा, जहाज वेगळं. एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही. ते म्हणतायत की हे तेच आहे, बघायचं तर बघा.

त्याने मला गोंधळवलं. कारण ते धाडस मला आवडलं. पण २०२२ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात त्यांनी १९६६ चा रोम्युलन या शत्रूंवरचा भाग पुन्हा रचला. कर्कच्या जागी पाइक असता तर काय झालं असतं, अशी कल्पना. काही संवाद जसेच्या तसे, ब्रिज मात्र नवा चकचकीत. जुना भाग पाणबुडीच्या सिनेमासारखा कोंदट होता. सगळे कुजबुजतात, घाम येतो, भिंती अंगावर येतात. नव्या ब्रिजवर एवढी मोकळी जागा आहे की तिथे कोंडमारा होतच नाही. संवाद तेच आणि परिणाम निम्मा. मला दिसणं महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. ते नुसतं सजावटीचं काम नाही, त्यात प्रसंग घडतो.

अंबाझरी_काठ

झिमा, हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. होलोग्राम आणि खटक्यांपेक्षा हा मुद्दा कितीतरी दमदार आहे. खोलीचं माप बदललं की माणसं वेगळी वागतात. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. हॉल मोठा केला की घरातले लोक एकमेकांपासून लांब बसायला लागतात.

म्हणून मला त्या मालिकेतली पाइकची स्वयंपाकघरवाली केबिन पटते आणि ब्रिज पटत नाही. केबिन मोठी आहे ती पाइक लोकांना जेवायला बोलावतो म्हणून. तिथे जागेला काम आहे. ब्रिजवर जागा आहे ती क्रेनचा कॅमेरा फिरावा म्हणून.

पारडी_नाका

ताई, आता एलईडीची भिंत लावून परग्रह उभे करतात, ‘डिस्कव्हरी’च्या चौथ्या सीझनपासून. त्यावर तुमचं मत? मला तर प्रत्येक ग्रह गोल दिसतो, मधात उभी माणसं, कडेला धुकं.

अंबाझरी_काठ

अगदी तसंच. भिंत गोल म्हणून ग्रह गोल. पूर्वी सगळे ग्रह कॅलिफोर्नियाच्या एकाच खडकाळ भागात असायचे, तो खडक पाठ झाला होता. पण तिथे पात्रं धावू तरी शकायची. भिंतीसमोर दहा पावलांवर ग्रह संपतो.

वाळ्याचा_कूलर

वास्केझ रॉक्स म्हणतात त्या जागेला. आमच्या निळ्या काचेतून तो चंद्रावरचा डोंगर वाटायचा.

तर्रीबाज

काका, तुमची काच या धाग्याची हिरो आहे.

बरं, झिमाभाऊ, एक पुरावा तुम्ही सोडला. ‘पिकार्ड’च्या तिसऱ्या सीझनमध्ये स्टारफ्लीटचं संग्रहालय दाखवलं. त्यात एक जहाज उभं आहे, यूएसएस न्यू जर्सी, हुबेहूब १९६६ च्या रूपातलं. करडं, साधं, इंजिनाला ते दिवे. म्हणजे पंचविसाव्या शतकातल्या लोकांना माहीत आहे की जुनं जहाज तसंच दिसायचं. आणि त्याच विश्वात पाइकचं चकचकीत एंटरप्राइजही आहे. मग दोन्ही खरे ना बे? एका क्लासची जहाजं, टेंडर दोन कंत्राटदारांना गेलं. एकाने एस्टिमेटप्रमाणे केलं, एकाने वरून लायटिंग लावली.

झिरोमाईल

तर्री, न्यू जर्सीचा नोंदणी क्रमांक बघ. एनसीसी-१९७५. एंटरप्राइज १७०१. क्रमांक क्रमाने दिले असतील तर जुन्या रूपाचं जहाज नंतर बांधलेलं आहे.

तर्रीबाज

म्हणजे लायटिंगचं बिल पास नाही झालं.

अंबाझरी_काठ

बिल पास झालं की नाही हे मला नाही माहीत, पण न्यू जर्सीची मापं जुन्या आराखड्याची आहेत की नव्या जहाजाची, हे कोणी मोजलंय का? संग्रहालयाच्या त्या शॉटमध्ये शेजारी इतर जहाजं आहेत, तुलना करता येईल. मी स्क्रीनशॉट काढते, उद्या आकडे टाकते. तोवर क्लिंगॉनवर वेगळा धागा काढा, इथे गर्दी झाली.